गप्प टॅपेट

सकाळी 8.30. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. फोर्कलिफ्ट तीन टनी, डिझेल, वयानं तिच्या ऑपरेटरपेक्षा मोठी. इंजिन चार सिलिंडरचं, पर्किन्सच्या घराण्यातलं, चेन्नईच्या सिम्पसनमध्ये बनलेलं. याच जातीची इंजिनं ट्रॅक्टरलाही असल्यामुळे सामान कोल्हापुरात सहज मिळतं. तक्रार अशी: सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, चालू झाली की पांढरा धूर, आयडलला अख्खी गाडी थरथरते आणि भरलेला पॅलेट उचलताना दम सोडते.

"मिस्त्री, पंप गेलाय बघा. पंपच उतरवा," ऑपरेटर म्हणाला. डिझेल गाडी मिसिंग करायला लागली की पहिलं खापर पंपावरच फुटतं. पण पंप उतरवणं खर्चाचं, आणि वर टायमिंगची भानगड मागे लागते. म्हटलं, आधी फुकटातल्या तपासण्या उरकू.

9.15. फोर्क जमिनीला टेकवले, हँडब्रेक ओढला, चाकांना ओंडके लावले. सीटखालचं हूड उघडलं. इंजिन आयडलला ठेवून नोजलच्या पाइपांचे नट चिंधी गुंडाळून एकेक सैल केले. सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच लंगडतं. पहिला, दुसरा, चौथा, तिन्ही वेळा लंगडलं. तिसऱ्याला काही फरकच नाही. सैल नटातून डिझेल मात्र ठोक्याठोक्याला येत होतं, म्हणजे पंप सुटला. मग दुसऱ्या-तिसऱ्याचे नोजल अदलाबदल करून पाहिले. दोष तिसऱ्यातच राहिला. नोजलही सुटला.

10.00. नोजलच्या भोकातून कॉम्प्रेशन गेज लावला. बाकीचे तिघे 25 बारच्या आसपास, तिसरा 12 च्या वर जाईना. फाउंड्रीत वाळूची धूळ, त्यामुळे सुपरवायझर म्हणाले, "रिंगा गेल्या असणार." असतीलही. पण रिंगा म्हणजे पिस्टन काढणं, म्हणजे आठवडाभर गाडी बंद. तेवढ्यासाठी आणखी एक तपासणी करायला हरकत नव्हती.

तिसऱ्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2; दुसऱ्याचे दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी डुलायला लागले की तिसरा वर आला समजायचं. गिअर न्यूट्रलला ठेवला आणि त्याच नोजलच्या भोकातून शॉपची हवा सोडली. आता कामाला लागतो तो कान. ऑइल भरायच्या तोंडाशी फुसफूस आली तर रिंग, एअर क्लीनरला आली तर इनलेट वॉल्व्ह, रेडिएटरला बुडबुडे आले तर गॅस्केट. मी सायलेन्सरला कान लावला आणि शेजारच्या ग्राइंडरवाल्याला हातानं थांबवलं. सायलेन्सरमधून सरळ वारा येत होता. एक्झॉस्ट वॉल्व्ह.

हेड उतरवण्याआधी टॅपेट कव्हर काढून फिलर गेज घातला. या इंजिनाला थंडपणी 0.30 मिलिमीटर अंतर लागतं. तिसऱ्या एक्झॉस्टला 0.05 ची पातीसुद्धा शिरेना. टॅपेट वाजायला लागला की लोक धावत येतात. माझ्या मते वाजणारा परवडला. सीट झिजली की वॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि अंतर संपतं. मग वॉल्व्ह पुरता बंद होत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतो आणि त्यातली बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावर हेडमधून पाण्यात जाते. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळणारच, आणि जळेपर्यंत चकार शब्द काढत नाही.

11.30. पाणी सोडलं, तांबडंलाल. रॉकर शाफ्ट काढला, पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचले. हेडचे नट टोकाकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत आणले. दोघांनी मिळून हेड उचललं. तिसऱ्या एक्झॉस्टची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी. रेघ पडलेल्या लायनरची भीती होती, पण सिलिंडर स्वच्छ निघाला.

वॉल्व्ह बदलून दुपारीच मोकळं होता आलं असतं. पण चारांत तिसराच का जळला? हेडमधल्या पाण्याच्या वाटेत तार घातली. तिसऱ्याच्या बाजूला क्षार आणि गंजाचा गाळ दगडासारखा बसला होता. "पाणी कुठलं घालता?" ऑपरेटरनं बोअरच्या नळाकडे बोट केलं.

1.00 ते 4.00. हेड टेंपोत घालून उद्यमनगर. कोल्हापुरात हे सुख आहे: दोन गल्ल्यांत सीट कापणारा, गाईड बसवणारा, फेस मारणारा, सगळे भेटतात. डबा तिथंच बाकड्यावर खाल्ला. वाटा साफ करून हेडला प्रेशर दिलं, चीर नव्हती. जुनी सीट बोअर करून नवा इन्सर्ट ठोकला, नवा गाईड घातला, वरून सीट कटर मारला. नवा वॉल्व्ह हेडच्या फेसपासून किती खाली बसला ते मोजूनच घेतलं. फार खोल गेला तर कॉम्प्रेशन पडतं, वर राहिला तर पिस्टनला लागतो.

लॅपिंग मात्र मी स्वतः करतो. कडेला पेस्ट, रबरी कपाची काठी, दोन्ही तळव्यांत घुसळायची, मधेच वॉल्व्ह उचलून थोडा फिरवायचा. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. पुसून पाहिलं की कडेभोवती राखाडी पट्टा अखंड दिसला पाहिजे. पेस्टचा कण न कण धुतला, स्प्रिंगा चढवल्या, पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. खाली थेंब आला नाही.

5.00. नवं गॅस्केट टाकलं, नट मध्यातून बाहेर तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळले. टॅपेट 0.30 ला, लाइनीतली हवा काढली.

7.15. अर्ध्या सेल्फला चालू. गरम करून नट पुन्हा तपासले, टॅपेट 0.25 ला ठेवले. ऑपरेटरनं पॅलेट उचलून दाखवला आणि विचारलं, "आता परत कधी बघायचं?" पन्नास तासांनी म्हणावं तर अवरमीटर बंद. सुपरवायझरना कागदावर तारीखच लिहून दिली: पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार, पहिल्या शिफ्टच्या आधी, इंजिन थंड असताना टॅपेट. त्याखाली दुसरी ओळ, बोअरचं पाणी बंद, कूलंटचा कॅन आणा.