एका माशाला ३३ कोटी येन : पावणीत उतरलेला हॉटेलवाला

आपल्या जेटीवर इसवणाला चांगला दर लागला तर दोन दिवस त्याचीच चर्चा चालते. जपानमध्ये ५ जानेवारी २०१९ रोजी एका माशाला ३३ कोटी ३६ लाख येन दर लागला. रुपयांत साधारण २१ कोटी. मासा कुप्याच्या जातीतलाच, पण थंड पाण्यातला मोठा ब्लूफिन ट्यूना, वजन २७८ किलो. म्हणजे किलोला १२ लाख येन! घेणारा कोणी निर्यातदार नव्हता की कोल्ड स्टोरेजवाला नव्हता. तो हॉटेलवाला होता. कियोशी किमुरा, ‘सुशी झनमाई’ या हॉटेलांच्या साखळीचा मालक.

हा माणूस मासेमारी घराण्यातला नाही. १९५२ साली टोकियोजवळच्या चिबा प्रांतात जन्म, वडील लहानपणीच गेले, घरात तंगी. त्याला व्हायचं होतं लढाऊ विमानाचा पायलट. शाळा संपताच पंधराव्या वर्षी हवाई दलात भरती झाला, पण डोळ्यांना इजा झाली आणि पायलट होणं राहिलं ते राहिलंच. मग मासळीच्या कंपनीत नोकरी, आणि १९७९ मध्ये स्वतःचा धंदा. मासळी कापून, साफ करून सुशीवाल्यांना पुरवायची, जेवणाचे डबे करायचे, जे चालेल ते करायचं. नव्वदच्या दशकात जपानची तेजी फुटली, तेव्हा त्याला बरेच धंदे आवरते घ्यावे लागले.

खरं हॉटेल उभं राहिलं ते २००१ मध्ये, टोकियोच्या त्सुकिजी मासळी बाजाराला लागून. त्या काळी बाजारात गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. किमुराने दोन गोष्टी केल्या. एक, दुकान चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस उघडं. मासळी बाजार रात्रीच जागा असतो हे आपल्याला सांगायला नको. पहाटे दोनला ट्रक रिकामा करून आलेल्या माणसाला गरम जेवण मिळायला लागलं, आणि रात्री उशिरा घरी जाणाऱ्यालाही. दुसरी, प्रत्येक पदार्थाची किंमत लिहून ठेवली. चांगल्या सुशीच्या दुकानात तोवर ‘आजचा दर’ एवढंच असायचं, बिल हातात आल्यावर कळायचं किती ते. त्यामुळे साधा माणूस आत शिरायलाच घाबरायचा. किमुराच्या दुकानात तो शिरला. आज साखळीत पन्नासच्या आसपास दुकानं आहेत, आणि दारात हात पसरून उभा असलेला त्याचा पुतळा असतो.

आता पावणीची गोष्ट, कारण आपल्या कामाचं खरं तिथेच आहे.

जपानमध्ये नव्या वर्षाची पहिली पावणी ५ जानेवारीला पहाटे होते. त्या दिवशीचा पहिला मोठा मासा म्हणजे मानाचा मासा. २००८ ते २०११ अशी चार वर्षं तो हाँगकाँगच्या एका हॉटेल साखळीच्या मालकाने, कधी एकट्याने कधी टोकियोतल्या भागीदाराबरोबर, उचलला. २०१२ मध्ये किमुरा उतरला आणि २६९ किलोचा मासा ५ कोटी ६४ लाख ९० हजार येनला घेतला. जपानचा मासा जपानमध्येच खाल्ला जावा म्हणून घेतला, असं तेव्हा तो म्हणाला. २०१३ मध्ये दोघे पुन्हा समोरासमोर. कोणी मागे हटेना. २२२ किलोचा मासा १५ कोटी ५४ लाख येनवर जाऊन थांबला.

आणि पुढच्याच वर्षी? २०१४ मध्ये हाँगकाँगवाला स्पर्धेत राहिला नाही. किमुरानेच मासा घेतला, २३० किलोचा, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा मोठा. दर लागला ७३ लाख ६० हजार येन. विसावा हिस्सासुद्धा नाही! मासा तोच, समुद्र तोच, बंदर तेच, घेणाराही तोच. फक्त समोर दुसरा बोली लावणारा नव्हता. आपल्याकडे ज्याने उचल घेतलेली असते त्याचा माल त्याच एजंटकडे जातो, पावणी नुसती नावाला होते. त्यांना हे आकडे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

किमुरा एवढे पैसे देऊन बुडत कसा नाही, असं कोणीही विचारेल. २०१३ चा तो मासा त्याने आपल्या दुकानांत नेहमीच्याच दराने विकला, चरबीदार तुकडा ४०० येनच्या आसपास. हिशेबाने एका तुकड्याची किंमत त्याच्या कित्येक पटीने पडत होती. मासळीवर तोटा उघड होता. पण त्या दिवशी जपानच्या प्रत्येक चॅनलवर मोठा सुरा घेऊन मासा कापणारा किमुरा आणि त्याच्या दुकानाची पाटी. एवढी जाहिरात विकत घ्यायची तर काय पडलं असतं? आमच्या मते तो मासा नव्हे, जाहिरात विकत घेतो. त्यात वाईट काही नाही, कारण पैसा बोटवाल्यापर्यंत पोचतो. घाऊक पेढीचं कमिशन साधारण साडेपाच टक्के, मच्छीमार सोसायटीचा वाटा वेगळा, आणि बाकीचा मोठा हिस्सा मासा पकडणाऱ्याचा.

हे विक्रमी मासे बहुतेक ओमा या गावाकडचे. जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, त्सुगारू सामुद्रधुनीवर हे गाव आहे. तिथे लहान होड्या, एक-दोन माणसं, आणि गरी-दोरीची मासेमारी फार. मासा लागला की धडपडतो आणि त्याचं अंग तापतं, कारण ट्यूनाचं रक्त इतर माशांसारखं थंड नसतं. तापलेलं मांस फिकट पडतं, दर कोसळतो. म्हणून अनेकजण दोरीवरून विजेचा झटका देऊन मासा शांत करतात, होडीवर घेताच रक्त काढतात, कल्ले-आतडी काढून बर्फाच्या पाण्यात घालतात. पावणीच्या आधी खरेदीदार टॉर्च घेऊन शेपटीकडच्या कापावरून रंग आणि चरबी बघतो. तिथे हयगय लपत नाही. आपल्याकडे गेदर-कुपा डेकवर उन्हात पडलेला दिसतो तेव्हा आमचा जीव तुटतो, हे इथे लिहूनच टाकतो.

या सगळ्याची दुसरी बाजूही आहे. दर चढला तसा मासा घटला होता. २०१४ मध्ये हा ट्यूना धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. ३० किलोच्या आतल्या पिल्लांची पकड निम्मी करण्यात आली, प्रत्येक भागाला कोटा ठरला. मच्छीमार नाराज होते, आणि ओमातच काही माल नोंदीशिवाय विकल्याबद्दल २०२३ मध्ये मासळी व्यापाऱ्यांना अटकही झाली. पण साठा अपेक्षेपेक्षा लवकर सावरला, आणि २०२४ मध्ये मोठ्या माशांचा कोटा निम्म्याने वाढवायचं ठरलं.

किमुराचं मुख्य दुकान अजून त्सुकिजीतच आहे. घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला, बाहेरचा बाजार जागेवरच राहिला. २०१९ च्या त्या मोठ्या पावणीनंतर पत्रकारांनी त्याला गाठलं, तेव्हा मासा चांगला आहे, पण ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त मोजावे लागले, एवढं तो म्हणाला. मग मासा दुकानात नेला आणि नेहमीप्रमाणे कापायला घेतला.