दोस्ती माहुताची, हुकूम दुसऱ्याचा

1971 सालच्या ‘हाथी मेरे साथी’त रामू हत्ती आपल्या धन्यावर, राजूवर, झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याच्या अंत्ययात्रेला मोहम्मद रफींचा आवाज लागतो. त्या प्रसंगाला थिएटरात हमसून रडलेली माणसं आजही घराघरांत आहेत. निर्माते चिन्नप्पा देवर यांनी ही कथा आधी तमिळमध्ये ‘दैव चेयल’ नावाने काढली होती. हिंदीत राजेश खन्ना आले, सिनेमा तुफान चालला, आणि पुढच्याच वर्षी देवरांनी एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन तो तमिळमध्ये ‘नल्ल नेरम’ म्हणून पुन्हा केला. मलाही तो प्रसंग हलवतो. पण या गोष्टीत एक मोठी सोय आहे. राजू हत्तींचा मित्र आहे आणि मालकही. बायको ‘मी की हत्ती’ विचारते, तेव्हा उत्तर देणं त्याच्याच हातात असतं. खऱ्या माहुताला ही मुभा क्वचितच मिळते.

हे दुखणं पडद्यावर फार आधी येऊन गेलं होतं. 1937 चा ‘एलिफंट बॉय’ किपलिंगच्या कथेवरचा. निर्मिती ब्रिटिश, साहेबी तोराही भरपूर, पण बाहेरचं चित्रण म्हैसूर संस्थानातलं. तिथल्या राजाच्या हत्तीखान्यात दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टींच्या चमूला साबू भेटला. माहुताचा पोरका मुलगा, ज्याला हत्तीच्या अंगाखांद्यावर वावरणं शिकवावं लागलं नाही. सिनेमात त्याच्या बापाला वाघ मारतो आणि साहेब काला नाग हत्ती दुसऱ्या माहुताच्या हवाली करतो. नवा माहूत मारकुटा निघतो. हत्ती बिथरून त्याला जखमी करतो, तेव्हा हत्तीलाच संपवायची मागणी होते. पोरगा हत्ती घेऊन जंगल गाठतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराने हत्ती सांभाळला, त्या घराला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

पंचाऐंशी वर्षांनी, 2022 मध्ये, कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’मध्ये हीच वेळ खऱ्या माणसांवर आली. तमिळनाडूतल्या मुदुमलाईचा तेप्पकाडू हत्तीकॅम्प, कट्टुनायकन समाजातले बोम्मन आणि बेळ्ळी. रघू या हत्तीच्या पिल्लाची आई अन्नाच्या शोधात गावाकडे आली आणि विजेच्या धक्क्याने गेली. पिल्लू या दोघांच्या हाती आलं तेव्हा कुत्र्यांनी शेपटी चावलेली, जखमेत अळ्या. त्याला आंघोळ घालणं, घास भरवणं, दुखलंखुपलं पाहणं, हेच या माहितीपटाचं कथानक. मागाहून अम्मू नावाचं दुसरं पिल्लू येतं. बेळ्ळीचा पहिला नवरा वाघाने मारलेला, मुलगीही गेलेली. या पिल्लांच्या संगोपनातच ती आणि बोम्मन एकत्र येतात, लग्न करतात. इथे कुणी गोळी झेलत नाही. रोजचं राबणं आहे, आणि तेही माणसाच्या बाजूने. म्हणून मला हा चाळीसेक मिनिटांचा माहितीपट आधीच्या सगळ्या हत्तीपटांहून खरा वाटतो.

मग रघू मोठा होतो आणि वनखातं त्याला दुसऱ्याकडे सोपवतं. बोम्मनचं ऐकून घेणारं कुणी नसतं. खात्याकडे कारणं असतील, वयात येणारा नर सांभाळणं सोपं नाही. पण आईबापासारखं वाढवणाऱ्यांसाठी तो हुकूमच. 2023 मध्ये या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याने असाच हुकूम अनुभवला. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणीकेंद्रात गेली आणि गाव रस्त्यावर उतरलं. तिच्या प्रकृतीची काळजी रास्त होती, गावाची मायाही खोटी नव्हती. मठ बोलला, संस्था बोलल्या, पुढारी बोलले. तिच्या पायाशी रोज बसणाऱ्या माहुताचं म्हणणं मात्र या गदारोळात फारसं ऐकू आलं नाही.

गडचिरोलीत कमलापूरला आपला सरकारी हत्तीकॅम्प आहे. तिथले माहूत आणि चारा तोडणारे चाराकटर सकाळी जंगलात हत्ती शोधायला निघतात. त्यांच्यासोबत दोन-चार वर्षं राहून कुणीतरी मराठीत ‘द एलिफंट व्हिस्परर्स’सारखा माहितीपट करायला हवा.