‘झिंगाट’नंतरची शांतता

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन रविवारी घरी दोन चित्रपट पाहिले. दोन्ही पूर्वी पाहिलेले आणि दोन्ही प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले. पहिला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आणि दुसरा किरण राव यांचा ‘लापता लेडीज’. निमित्त साधेच होते. सुटीसाठी घरी आलेल्या आमच्या कन्येने बोलता बोलता सांगितले की, ‘सैराट’ तिने पाहिलेलाच नाही. ‘झिंगाट’वर मात्र ती शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मामेभावाच्या वरातीपर्यंत सर्वत्र नाचली आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. शेवट कसा आहे हे एव्हाना शहरभर झाले होते. त्यामुळे तिला आजीकडे ठेवून आम्ही दोघेच गेलो होतो. तिच्या वयाच्या कित्येकांच्या लेखी ‘सैराट’ म्हणजे ते एक गाणे आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. १०० कोटी रुपयांचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. आम्ही तो पाहिला एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात, भर मे महिन्यात. ‘झिंगाट’ सुरू होताच पुढच्या रांगांतली मुले खुर्च्यांवर चढली, काही जण पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन नाचले. एका आजोबांनी टोपी उडवली. आणि त्यानंतर तास-दीड तासाने त्याच प्रेक्षागृहात दिवे लागले, तेव्हा कोणी जागचे उठत नव्हते. खुर्च्यांचा नेहमीचा खडखडाटसुद्धा ऐकू आला नाही. मी रडत होतो. शेजारी पत्नी रडत होती. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही.

एकाच चित्रपटाने एकाच प्रेक्षकवर्गाला या दोन टोकांपर्यंत नेले, ते कसे? त्या वेळी या प्रश्नाचा विचार झाला नाही. या खेपेस घरच्या छोट्या पडद्यावर, हातात चहाचा कप घेऊन पाहताना काही गोष्टी ध्यानात आल्या.

लोकप्रिय चित्रपटात आपण काय पाहावे हे कॅमेरा सांगतो आणि काय वाटून घ्यावे हे बहुतांशी आवाज सांगतो. सनई वाजली की लग्न, व्हायोलिन लागले की विरह, ढोल वाजला की मारामारी. ही सवय आपल्याला इतकी जडलेली असते की भावना आपल्या मनात उमटली की कानावाटे आत सोडली गेली, याचा उलगडा होत नाही. मंजुळे यांनी पूर्वार्धात ही सवय मनमुराद पुरवली आहे. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण झाले. करमाळ्याच्या परिसरातल्या उसाच्या फडांतून धावणाऱ्या, विहिरीत उडी ठोकणाऱ्या परशाच्या मागे ते भव्य सूर वाजतात. हिंदी चित्रपटाने आजवर श्रीमंत घरच्या नायकांना बहाल केलेले सारे वैभव मासेमारी करणाऱ्या कुटुंबातल्या या पोराच्या वाट्याला येते. पाटलाची लेक बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि आपण शिट्ट्या वाजवतो. चारही गाणी या पूर्वार्धातच संपतात.

उत्तरार्धात एकही गाणे नाही. हैदराबादच्या वस्तीत पोहोचल्यावर ऐकू येतात ते भांड्यांचे, नळाचे, शेजाऱ्यांच्या भांडणाचे आवाज. आर्चीला तिथली घाण सोसवत नाही, स्वयंपाक येत नाही, घरची आठवण येते. परशा संशय घेतो, हात उगारतो. पूर्वार्धातल्या प्रेमकथेला उत्तरार्धात भाडे भरावे लागते, असे म्हणता येईल. अनेक प्रेक्षकांना हा भाग लांबलेला वाटला होता. मलाही तेव्हा वाटला होता. आता वाटते की ती लांबण आवश्यकच होती. संगीताच्या कुबड्या काढून घेतल्यावर आपल्याला स्वतःच्या पायांनी चालायला लावायचे, तर तेवढा अवधी हवाच.

आणि मग तो शेवट. आर्ची दारात रांगोळी काढत असते. माहेरची माणसे आईने दिलेल्या वस्तू घेऊन येतात. चहा होतो. लहानगा शेजारणीबरोबर बाहेर गेलेला असतो. तो परत येतो तेव्हा घरात आई-वडील रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. मूल रडते, पण त्याचे रडणे ऐकू येत नाही. रक्ताने माखलेली पावले बाहेर जातात आणि सारे निःशब्द. ज्या चित्रपटाने दीड तास आपल्याला काय वाटायचे ते कानात सांगितले, तो नेमक्या याच क्षणी बोलायचे थांबतो. त्या शांततेत जे काही वाटते ते पूर्णपणे आपले असते. त्याची जबाबदारी संगीतकारावर ढकलता येत नाही.

हत्या पडद्यावर दिसत नाही, हेही महत्त्वाचे. चहाचे कप दिसतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातल्या घटना तेव्हा ताज्या होत्या आणि त्यांचा तपशील आपण वृत्तपत्रांतून वाचलेला होता. त्या वाचनात मारेकरी कुणी तरी दूरचे, रानटी असे वाटत. इथे ते चहा घेणारे पाहुणे आहेत.

या चित्रपटाच्या अन्य भाषांतही आवृत्त्या निघाल्या. कन्नडमधल्या ‘मनसु मल्लिगे’त (२०१७) नायिका रिंकू राजगुरूच होती. हिंदीतला ‘धडक’ (२०१८) उदयपूरला नेला गेला, संगीत पुन्हा अजय-अतुल यांचेच. मात्र जातीचा उल्लेख इतका पुसट झाला की तो श्रीमंत-गरीब असा जुनाच मामला वाटू लागला. शेवटही बदलला. तिथे पती आणि मूल जातात, नायिका वाचते. ‘धडक’ पाहून मला धक्का बसला होता, रडू आले नव्हते. धक्का बसायला प्रसंग पुरतो. रडू यायला आधी आपण त्या घरात राहून आलेलो असावे लागते.

असो. दुसऱ्या पाहण्यात मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते या शेवटाने नव्हे. पूर्वार्धात एक प्रसंग आहे. महाविद्यालयात नव्याने आलेले प्राध्यापक लोखंडे वर्गात आर्चीच्या भावाला, प्रिन्सला, नाव विचारतात आणि तो त्यांच्या थोबाडीत मारतो. पुढे प्राध्यापकांनाच पाटलांच्या वाड्यावर नेले जाते आणि पाटील कौतुकाने लेकाची बाजू घेतात. २०१६ मध्ये त्या थपडेला आमच्या रांगेत हशा पिकला होता. मीही हसलो होतो, हे मला लख्ख आठवते. शेवटची हत्या करणारा हात तोच आहे आणि दिग्दर्शकाने तो आपल्याला पहिल्या तासातच दाखवला होता. आपण गाण्यांच्या धुंदीत होतो. घरी पाहताना माझी मुलगी हसली नाही. तिने विचारले, “याला कुणीच काही बोलत कसं नाही?”

‘लापता लेडीज’ मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांत आला. तिथे त्याचे बरे चालले, पण तो घराघरांत पोहोचला तो नंतर, ओटीटीवर. पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. २००१ सालचा काळ, ‘निर्मल प्रदेश’ नावाचे काल्पनिक राज्य, रेल्वेच्या एकाच डब्यात घुंघट घेतलेल्या दोन नववधू आणि त्यांची अदलाबदल. प्रसंग हास्यकारक, पण पोटात भीती. नवऱ्याच्या गावाचे नाव धड ठाऊक नसलेली फूल एका फलाटावर एकटी राहते. तिला आसरा देते ती फलाटावर चहाचा ठेला चालवणारी मंजू माई.

ही मंजू माई म्हणजे छाया कदम. ‘सैराट’मध्ये हैदराबादच्या वस्तीत आर्ची-परशाला निवारा देणारी, डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का तीच. त्याआधी ‘फँड्री’मध्ये जब्याची आईही तीच. आठवड्याच्या अंतराने हे दोन चित्रपट पाहिल्यामुळे ते जणू एकाच बाईच्या दोन दिवसांची गोष्ट असल्यासारखे वाटले. दोन्हीकडे परक्या ठिकाणी अडकलेली तरुण मुलगी, दोन्हीकडे पोटासाठी हातगाडी अथवा ठेला चालवणारी, पुरुषाचा भरवसा न उरलेली मध्यमवयीन स्त्री. कोणतीही जात, कोणतेही गोत्र न विचारता ती मुलीला कामाला लावते. मदत करण्याची तिची रीत तीच आहे.

फरक आहे तो त्या मदतीपुढे काय वाढून ठेवले आहे यात. फूल दीपककडे परतते, जया तिच्या शिक्षणाच्या वाटेला लागते आणि लाच खाणारा, पान चघळणारा दरोगा श्याम मनोहर ऐनवेळी माणुसकीने वागतो. रवी किशन यांनी हा दरोगा इतका बहारदार रंगवला आहे की त्याच्या हृदयपरिवर्तनावर आपला चटकन विश्वास बसतो. आम्ही तिघांनीही टाळ्या वाजवल्या. चित्रपट संपल्यावर छान वाटले आणि तसे वाटण्यात गैर काहीच नाही; कारुण्याइतकाच दिलासाही लोकप्रिय चित्रपटाचा धर्म आहे.

परंतु रात्री भांडी आवरताना मनात आले की, त्या रात्री दरोग्याचे मन द्रवले नसते तर? जयाचे सारे आयुष्य एका भ्रष्ट माणसाच्या क्षणिक चांगुलपणावर टांगलेले होते. आर्ची-परशाला असा एकही माणूस आडवा आला नाही. दिलाशाचा चित्रपट आणि हुंदक्याचा चित्रपट यांतले अंतर एवढेच होते, बरोबर वेळी कुणी तरी बाजू घेतली की नाही.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणी निकाल दिला. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप किंवा नातलगांच्या जमावाला हस्तक्षेपाचा अधिकार नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे असावेत, असे निर्देशही दिले. हे मला तारखेनिशी आठवण्याचे कारण वेगळे आहे. त्याच वर्षी माझ्या चुलत भावाच्या मुलीने जातीबाहेर नोंदणी विवाह केला. मारझोड, धमक्या असे काही झाले नाही. आमचे घर सुशिक्षित. फक्त कुणी गेले नाही. भावाने बोलावलेही होते, अवघडून. मी कार्यालयात लेखापरीक्षण असल्याचे कळवले. लेखापरीक्षण होते, पण रजा मिळाली नसती असे नव्हते. ‘सैराट’ पाहून धाय मोकलून रडल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

शेवटची पावले पडद्यावरून नाहीशी झाली आणि आमच्या दिवाणखान्यातही ती शांतता पसरली. पंख्याचा आवाज येत होता. कन्येचे डोळे कोरडे होते. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “बाबा, ताईच्या लग्नाला तू का नव्हता गेलास?” मी लेखापरीक्षणाचे सांगितले. ती “बरं” म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली. पत्नीने टीव्ही बंद केला.

त्यानंतरच्या रविवारी ‘लापता लेडीज’ लावण्याआधी मी भावाला फोन केला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याच्या लेकीचा नंबर मागितला. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, “पाठवतो. तिचा मुलगा पाच वर्षांचा झाला आता.” मुलाचे नाव विचारायचे राहून गेले. फोन ठेवल्यावर ते मला माझ्या मुलीने सांगितले. तिला ते पहिल्यापासून ठाऊक होते.