व्हिडिओ कॉन्फरन्सिंग उपकरणांची नेटवर्क देखरेख

व्हिडिओ कॉन्फरन्सिंग उपकरणांची नेटवर्क देखरेख म्हणजे दूरस्थ बैठकांसाठी वापरली जाणारी उपकरणे आणि ती ज्या संगणक जाळ्याला जोडलेली असतात ते जाळे, या दोहोंच्या स्थितीचे सातत्याने मोजमाप करण्याची, त्याची नोंद ठेवण्याची आणि बिघाडाची सूचना वेळेवर मिळवण्याची व्यवस्था होय. उपकरण चालू आहे की बंद, एवढेच पाहणे हा या देखरेखीचा केवळ पहिला भाग आहे. उपकरण चालू असूनही आवाज तुटतो, चित्र गोठते किंवा दोन वक्ते एकाच वेळी बोलू लागतात, तेव्हा त्याचे कारण जाळ्यात कोठे आहे हे आकड्यांच्या आधारे सांगता येणे हा तिचा मुख्य हेतू असतो.

गरज

भारतात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा वापर बैठका आणि अध्यापनापुरता मर्यादित राहिलेला नाही. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली असा निर्णय दिला की, परदेशातील साक्षीदाराची साक्ष या माध्यमातून नोंदवणे फौजदारी प्रक्रियेत ग्राह्य आहे. पुढे कोविड-१९ च्या साथीत, ६ एप्रिल २०२० रोजी, याच न्यायालयाने दूरस्थ सुनावणीविषयी निर्देश दिले. आवाजाच्या वा चित्राच्या दर्जाविषयीची तक्रार सुनावणी चालू असताना किंवा ती संपताच करावी, त्यानंतर ती विचारात घेतली जाणार नाही, असे त्यांत नमूद होते. अशा ठिकाणी ‘आवाज नीट येत नव्हता’ हे विधान नेमक्या वेळेच्या नोंदीने पडताळून पाहता येणे महत्त्वाचे ठरते.

मराठी वाक्यरचनेत हा प्रश्न विशेष जाणवतो. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘मी त्या दिवशी तिथे गेलो नाही’ या वाक्यातील अखेरचा अर्धा सेकंद जाळ्यात हरवला, तर ऐकणाऱ्याला ‘मी त्या दिवशी तिथे गेलो’ असे पूर्ण आणि निर्दोष वाक्य ऐकू येते. काही हरवले आहे, याची शंकाही त्याला येत नाही.

माहितीचे वहन

ध्वनी आणि चित्र लहान लहान पॅकेटांच्या रूपाने पाठवले जाते. आवाजाचे एक पॅकेट सामान्यतः २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एका सेकंदात अशी ५० पॅकेटे जातात. ही पॅकेटे बहुधा यूडीपी या नियमसंचानुसार पाठवली जातात. यूडीपीमध्ये हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय नाही. पत्रव्यवहारात उशिरा पोहोचलेला मजकूरही उपयोगी पडतो. संभाषणात मात्र वेळ टळल्यावर आलेले पॅकेट निरुपयोगी असते.

यूडीपीवर आरटीपी हा नियमसंच वापरला जातो. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि २००३ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. आरटीपीच्या प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक आणि कालमुद्रा असते. अनुक्रमांकांत खंड पडला की पॅकेट हरवल्याचे कळते. कालमुद्रेवरून पॅकेटे किती अनियमित अंतराने येत आहेत हे काढता येते. देखरेखीचे बरेचसे मोजमाप या दोन आकड्यांवर उभे आहे.

मोजावयाच्या राशी

विलंब : बोललेला शब्द दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास लागणारा वेळ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असल्यास बहुतेक संभाषणे सहज चालतात, आणि ४०० मिलिसेकंद ही नियोजनाची कमाल मर्यादा मानली जाते. विलंबाचा काही भाग टाळता येत नाही. प्रकाशतंतूत प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांतील सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर धरले तरी एका दिशेस ६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागणारच. भूस्थिर उपग्रहामार्फत होणाऱ्या संभाषणात केवळ वर जाऊन खाली येण्यासच सुमारे २४० मिलिसेकंद जातात.

जिटर : लागोपाठच्या पॅकेटांच्या विलंबातील चढउतार. तो झाकण्यासाठी उपकरण आलेली पॅकेटे क्षणभर साठवून मग समान गतीने वाजवते. साठा मोठा केला तर चढउतार पचतो, परंतु विलंब वाढतो. साठा लहान ठेवला तर उशिरा आलेली पॅकेटे टाकून द्यावी लागतात.

पॅकेट गळती : पाठवलेल्यांपैकी न पोहोचलेल्या पॅकेटांचे प्रमाण. आवाजासाठी एक टक्क्याहून कमी गळती आणि ३० मिलिसेकंदांहून कमी जिटर ही जाळ्याच्या आखणीत सर्रास धरली जाणारी उद्दिष्टे आहेत.

जोडणीचा वेग, म्हणजेच बँडविड्थ, पुरेशी असणे आवश्यक आहे. मात्र केवळ वेगचाचणीचा आकडा मोठा आला म्हणून संभाषण चांगले होईल असे नाही. वेगचाचणी काही सेकंदांत एकूण किती माहिती गेली हे सांगते. ती किती नियमितपणे गेली, हे तिच्यातून कळत नाही.

सरासरीचा दोष

देखरेखीची मांडणी करताना सर्वाधिक दिशाभूल सरासरीमुळे होते. एका मिनिटात आवाजाची ३,००० पॅकेटे जातात. त्यांत एक टक्का गळती म्हणजे ३० पॅकेटे. ही ३० पॅकेटे मिनिटभर विखुरलेली असतील, तर उपकरण आजूबाजूच्या ध्वनीवरून पोकळी भरून काढते आणि ऐकणाऱ्याला फारसे जाणवत नाही. तीच ३० पॅकेटे सलग गेली, तर ०.६ सेकंदाचा आवाज नाहीसा होतो, म्हणजे ‘नाही’ हा शब्द पूर्ण जातो. अहवालात मात्र दोन्ही वेळा ‘एक टक्का’ असेच दिसते.

जाळ्याच्या वापराचेही तसेच आहे. १०० मेगाबिट क्षमतेची जोडणी पाच मिनिटांपैकी १० सेकंद पूर्ण भरली आणि उरलेल्या २९० सेकंदांत २० टक्के वापरली गेली, तर पाच मिनिटांची सरासरी सुमारे २३ टक्के येते. आलेखावर जोडणी मोकळी दिसते, प्रत्यक्षात त्या १० सेकंदांत बैठक विस्कळीत झालेली असते. म्हणून संभाषणाची मोजणी सेकंदांच्या हिशेबाने करावी आणि सरासरीबरोबर सर्वोच्च मूल्यही नोंदवावे.

मोजमापाचे मार्ग

उपकरणाचा स्वतःचा अहवाल : आरटीपीच्या जोडीला आरटीसीपी हा नियमसंच असतो. त्यानुसार ऐकणारे उपकरण ठरावीक काळाने, साधारणतः काही सेकंदांनी, बोलणाऱ्या उपकरणाला गळती आणि जिटर कळवते. २००३ साली आलेल्या त्याच्या विस्तारित अहवालात गळती सलग होती की विखुरलेली, आणि किती पॅकेटे उशिरा आल्यामुळे टाकून द्यावी लागली, हेही सांगण्याची तरतूद आहे. हा मार्ग सर्वांत विश्वसनीय मानला जातो, कारण त्यात प्रत्यक्ष संभाषणाचेच मोजमाप होते.

जाळ्यातील यंत्रांचा अहवाल : स्विच आणि राउटर यांची स्थिती एसएनएमपी या नियमसंचाद्वारे विचारता येते. प्रत्येक पोर्टमधून किती माहिती गेली, किती पॅकेटे सदोष आली आणि किती जागेअभावी टाकली गेली, हे आकडे त्यातून मिळतात. जुन्या ३२ बिटांच्या गणकाऐवजी ६४ बिटांचा गणक वाचावा. पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटांच्या जोडणीवर ३२ बिटांचा गणक सहा मिनिटांच्या आत शून्यावर येतो आणि पुढचा हिशेब चुकतो.

चाचणी पॅकेटे : बैठक नसतानाही दोन ठिकाणांदरम्यान लहान पॅकेटे पाठवून मार्गाची स्थिती तपासता येते. ‘पिंग’ हे यांतील सर्वांत साधे साधन होय. मात्र पिंगचे उत्तर जाण्यायेण्याचा एकत्रित वेळ सांगते, आणि अनेक राउटर त्याला दुय्यम स्थान देतात. त्यामुळे शक्य तेथे संभाषणाच्याच वर्गातील चाचणी पॅकेटे वापरणे योग्य ठरते.

ही माहिती एकत्र करण्यासाठी झॅबिक्स, नॅगिऑस, लिब्रेएनएमएस यांसारख्या मुक्तस्रोत प्रणाली वापरल्या जातात. वैयक्तिक पॅकेटांच्या तपासणीसाठी वायरशार्क हे साधन प्रचलित आहे.

उभारणीचे टप्पे

१. यादी करणे. प्रत्येक उपकरणाचे स्थान, जाळ्यातील पत्ता, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ते कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडले आहे याची नोंद करावी. उपकरणाचा पत्ता कायम राहील अशी व्यवस्था करावी, अन्यथा एका खोलीचे आकडे दुसऱ्या खोलीच्या नावावर जमा होतात.

२. घड्याळे जुळवणे. उपकरणे, स्विच आणि देखरेख करणारा संगणक यांची घड्याळे एनटीपीद्वारे एकाच प्रमाणवेळेशी जोडावीत. घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असल्यास तक्रारीची वेळ आणि नोंदीची वेळ जुळत नाही.

३. वाहतूक वेगळी ओळखणे. संभाषणाच्या उपकरणांना स्वतंत्र आभासी जाळे द्यावे आणि त्यांच्या पॅकेटांवर अग्रक्रमाची खूण करावी. आवाजासाठी सामान्यतः ४६ हा सांकेतांक वापरला जातो. वाटेतील एखादे यंत्र ही खूण पुसून तर टाकत नाही ना, हे दुसऱ्या टोकाला तपासावे.

४. मोजणी सुरू करणे. उपकरणे, त्यांचे स्विच पोर्ट, इमारतीबाहेर जाणारी जोडणी आणि दूरचे टोक अशा चार ठिकाणी मोजणी असल्यास दोषाची जागा ठरवणे सोपे जाते.

५. नेहमीची स्थिती नोंदवणे. सूचनांच्या मर्यादा ठरवण्यापूर्वी किमान एक-दोन आठवड्यांची नोंद घ्यावी. सकाळ, दुपार, कामाचा दिवस आणि सुट्टी यांतील स्वाभाविक फरक त्यातून कळतो. बिघाड झाल्यानंतर सुरू केलेल्या मोजणीला तुलनेसाठी आधार नसतो.

६. सूचनांची आखणी करणे. एका चुकलेल्या उत्तरावर इशारा देऊ नये, लागोपाठ काही उत्तरे चुकल्यावर द्यावा. एखादा स्विच बंद पडल्यास त्यावरील सर्व उपकरणांचे वेगवेगळे इशारे न येता स्विचचाच एक इशारा यावा. इशाऱ्यांचा भडिमार झाला की ते वाचणे बंद होते आणि देखरेख नावापुरती उरते.

दोषनिदान

नोंदींवरून दोषाची जागा ठरवताना व्याप्ती प्रथम पाहिली जाते. एकाच उपकरणाला त्रास असेल तर त्याची केबल, पोर्ट किंवा वाय-फाय जोडणी तपासावी. एका इमारतीतील सर्व उपकरणांना असेल तर त्या इमारतीची बाहेर जाणारी जोडणी, आणि सर्वच ठिकाणी असेल तर मध्यवर्ती सेवा किंवा सेवापुरवठादार यांच्याकडे लक्ष द्यावे.

दुसरा निकष दिशेचा. गळती जाताना आणि येताना वेगवेगळी असू शकते. ‘आम्हाला त्यांचे ऐकू येते, त्यांना आमचे येत नाही’ असे असल्यास प्रथम आपल्या बाजूची बाहेर जाणारी वाहतूक पाहावी. मोठ्या फाइली किंवा संचिका-प्रती बाहेर पाठवण्याचे काम त्याच वेळी चालू असणे, हे याचे नेहमीचे कारण आहे.

तिसरा निकष गळतीच्या स्वरूपाचा. पोर्टवर सदोष पॅकेटांची संख्या वाढत असेल तर केबल किंवा जोडणीची जुळवणी संशयास्पद असते. एका टोकाला पूर्ण दुहेरी आणि दुसऱ्या टोकाला अर्ध दुहेरी पद्धत ठरली असल्यास जोडणी वरवर चालू दिसते, पण भार वाढताच पॅकेटे गमावते. पॅकेटे सदोष नसून टाकली जात असतील, तर जोडणी अपुरी आहे किंवा अग्रक्रमाची व्यवस्था नीट नाही असे समजावे.

सुरक्षा आणि गोपनीयता

देखरेख ही संभाषण ऐकण्याची व्यवस्था नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एसआरटीपी या नियमसंचात ध्वनी आणि चित्र कूटबद्ध होते, पण अनुक्रमांक आणि कालमुद्रा उघड राहतात. त्यामुळे एकही शब्द न ऐकता गळती आणि जिटर मोजता येतात. तरीही कोण, कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोलले ही माहिती नोंदीत येते. रुग्ण आणि वैद्य किंवा अशील आणि वकील यांच्या बाबतीत एवढी माहितीही संवेदनशील असते. म्हणून नोंदी कोणी पाहाव्यात आणि किती दिवस ठेवाव्यात हे आधीच ठरवावे लागते.

एसएनएमपीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघड स्वरूपात जातो, आणि अनेक यंत्रांत तो मुळातला ‘पब्लिक’ असाच राहून जातो. तिसऱ्या आवृत्तीत ओळख-पडताळणी आणि कूटबद्धता यांची सोय असल्याने तीच वापरावी. उपकरणांची व्यवस्थापन पृष्ठे इंटरनेटवर खुली ठेवू नयेत.

मर्यादा

जाळ्याची नोंद निर्दोष असूनही संभाषण अस्पष्ट असू शकते. बंद पडलेला मायक्रोफोन, खोलीतील प्रतिध्वनी, पंख्याचा आवाज किंवा वक्त्याचे मायक्रोफोनपासूनचे अंतर या गोष्टी पॅकेटांच्या आकड्यांत दिसत नाहीत. तसेच संस्थेच्या सीमेबाहेरील मार्गाचे मोजमाप मर्यादितच करता येते. म्हणून महत्त्वाच्या बैठकीपूर्वी दोन्ही टोकांना प्रत्यक्ष बोलून पाहणे, आणि बैठकीत महत्त्वाचे विधान ऐकणाऱ्याने पुन्हा उच्चारून त्याची खात्री करून घेणे, या पद्धतींना देखरेख हा पर्याय ठरत नाही. शब्द हरवला असता तो परत आणणे देखरेखीला शक्य नसते. तो कोणत्या क्षणी आणि कोठे हरवला, एवढे मात्र ती सांगू शकते.