कॉफीच्या बियाण्याची उगवणशक्ती : किती बिया तपासाव्यात?

ज्वारीचे बियाणे नीट वाळवून कणगीत ठेवले, तर पुढील हंगामापर्यंत त्याची फारशी काळजी करावी लागत नाही. कॉफीच्या बीचे तसे नाही. धान्याप्रमाणे कडक वाळविणे तिला मानवत नाही, आणि साध्या हवेत ठेवल्यास काही महिन्यांतच तिची उगवणशक्ती घटत जाते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत गादीवाफ्यात टाकलेले बी वर येण्यास सुमारे दीड महिना लागतो. बी मेलेले होते हे तेव्हा उमगले, तर फळांचा हंगाम सरलेला असतो, ताजे बी मिळत नाही आणि वर्ष फुकट जाते. चिखलदऱ्याच्या पठारावरील बागायतदाराने कर्नाटकातून बी आणविले, तर वाटेत गेलेले दिवसही हिशेबात धरावे लागतात.

म्हणून बियाण्याची परीक्षा पेरणीपूर्वीच व्हावयास हवी. दीड महिना थांबण्यास सवड नसेल तेव्हा प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नावाच्या क्षाराची परीक्षा घेतात. बीवरील टरफल काढून ती भिजवितात आणि आतील इवलासा गर्भ अलगद सोडवून त्या क्षाराच्या रंगहीन द्रावणात ठेवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. दोन-तीन दिवसांत निर्णय हाती येतो. मात्र रंग आला म्हणजे वाफ्यात रोप आलेच, असे समजू नये.

परीक्षा कोणतीही असो, ती थोड्याच बियांवर होते आणि निष्कर्ष साऱ्या पोत्याला लावला जातो. खरी चूक येथेच होते. पोत्याच्या तोंडाशी असलेल्या टपोऱ्या बिया उचलून तपासल्या, तर उत्तर त्या निवडक बियांपुरतेच खरे असते. नमुना वरून, मधून व तळातून घ्यावा. तो कापडावर एकत्र करून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत व उरलेले बाजूस सारावेत. पुरेसा लहान नमुना उरेपर्यंत असेच करीत जावे. त्यातून मोजताना बी निवडू नये. हाताला येईल ती घ्यावी.

आता संख्येचा प्रश्न. समजा, शेकडा ८० बिया जिवंत निघाल्या. केवळ २५ बिया तपासल्या असतील, तर योगायोगाचा फरक दोन्ही बाजूंस १६ पर्यंत धरावा लागतो, म्हणजे खरी उगवण ६४ ते ९६ मध्ये कोठेही असू शकेल. १०० बियांवर हा फरक ८ वर येतो, ४०० बियांवर ४ वर. बिया चौपट केल्या की अनिश्चितता निम्मी होते, त्याहून अधिक नाही. हे अंदाज शंभरातून सुमारे पंचाण्णव वेळा खरे ठरतात.

४०० बियांचे शंभराचे चार गट करण्यात आणखी एक लाभ आहे. ८२, ७८, ८५ व ७५ अशी उगवण आली, तर सरासरी ८० होते. ९०, ८४, ८१ व ६५ आली, तरीही सरासरी ८०च! परंतु दुसऱ्या परीक्षेत सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांत २५ चे अंतर आहे. ८० सरासरीस आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण नियमांप्रमाणे १६ पर्यंतचे अंतर चालते. तेव्हा नमुना नीट मिसळला नव्हता, किंवा एखाद्या गटास ओल कमी पडली, असे समजून परीक्षा पुन्हा घ्यावी.

दोन ठिकाणचे बी तोलतानाही घाई नको. एकाची उगवण ८०, दुसऱ्याची ७२ आली. पण प्रत्येकी १०० बियाच तपासल्या असतील, तर १२ पर्यंतचा फरक योगायोगाने पडू शकतो. दुसरे बी वाईट ठरविण्यास तेवढा आधार पुरत नाही. प्रत्येकी ४०० बियांवर हीच मर्यादा ६ होते. तेथे ८ चा फरक खरा मानावा.

लहान बागायतदारास ४०० बिया परीक्षेत घालविणे जिवावर येते. पण त्याला ३,००० रोपे हवी आहेत असे धरू. ४०० बियांवर ८० आली, तर सावधपणे ७६ धरून सुमारे ३,९५० बिया टाकाव्या लागतील. २५ बियांवर तेच उत्तर आले, तर ६४ धरून सुमारे ४,७०० लागतील. वाफ्यात मरणाऱ्या रोपांसाठी ठेवावयाचे बी याहून निराळे.