ओढ्याचं पाणी आणि अर्काटाची तळी



परवा ओढ्याकाठचे एक सभासद म्हणाले, "साहेब, नगरपालिकेचं सांडपाणी म्हणजे उसाला फुकटचं खतच की!" नत्र, स्फुरद त्यात आहे हे खरे, पण रोगजंतू आणि क्षारही आहेत. त्या पाण्यात अनवाणी दारं धरणारा माणूस आपल्याच घरचा असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अर्काटा हे अठरा-एकोणीस हजार वस्तीचे गाव आहे. १९७४ साली राज्याने खाडीत सांडपाणी सोडण्यावर कडक बंधने घातली. अनेक गावांचा मिळून मोठा, खर्चिक प्रकल्प पुढे आला. अर्काटाने तो नाकारला, १९७९ पासून प्रयोग केले आणि १९८६ साली दलदलीतून शुद्धीकरण सुरू केले. जुन्या कचरा डेपोलगतची पडीक जागा कामी आली.

यात जादू काही नाही. जाळीवर कचरा अडतो, टाकीत गाळ बसतो. उथळ तळ्यात शेवाळ प्राणवायू देते, जिवाणू घाण खातात. पुढे पाणकणीस, लव्हाळ्यातून पाणी संथ जाते, उरलेला गाळ तिथे अडतो. मग निर्जंतुक करून पाणी खाडीत. त्याच खाडीत कालवांची शेती चालते. म्हणजे हयगय चालायची नाही!

या पद्धतीला वीज कमी, पण जागा आणि निगा भरपूर लागते. पडीक जागा ओढ्याकाठी आपल्याकडेही आहे. नगरपालिकेकडे मागणी आपणच करायला हवी. तोवर हे पाणी भाजीपाल्याला देऊ नका, पायात गमबूट घाला आणि माती तपासून घ्या.

— ऊस विकास अधिकारी