नव्या संचातील जुने सूर

मराठी नाट्यरसिकाला ‘नव्या संचात’ हे दोन शब्द चांगलेच परिचयाचे आहेत. जाहिरातीत ते दिसले की, आवडत्या नटाच्या जागी आता दुसरे कोणी उभे राहणार हे त्याला समजते आणि तिकीट काढावे की नाही, या विचारात तो पडतो. तरीही नाटकात एक आधार असतो. नट बदलला तरी संहिता तीच राहते. बँडच्या श्रोत्याला मात्र एवढाही आधार नसतो. तेथे वाजवणारेच संहिता घडवतात. मग त्यांच्यातील एक जण निघून गेल्यावर रंगमंचावर जे उरते, त्याला जुन्याच नावाने ओळखायचे का? ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडच्या रसिकांना हा प्रश्न अवघ्या चार वर्षांत दोनदा पडला.

गिटारवादक सुस्मित सेन आणि गायक-तालवादक असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये या बँडची स्थापना केली. पुढच्या वर्षी बासगिटारवादक व गायक राहुल राम आले, तर १९९४ मध्ये ड्रमवादक अमित किलम. या चौघांचा संच पुढची पंधरा वर्षे अभंग राहिला. ‘डेझर्ट रेन’ (१९९७), ‘कंदिसा’ (२०००) आणि ‘झीनी’ (२००३) हे ध्वनिसंग्रह याच काळातले. अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटातील ‘बंदे’ या गीताने मुंबईकर श्रोत्यांच्या मनातही त्यांना कायमचे स्थान मिळाले.

एकाच्या जागी दोघे

डिसेंबर २००९ मध्ये असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. ते तबला वाजवीत आणि त्याच वेळी गातही असत. श्वास आणि हाताची थाप एकाच व्यक्तीच्या ताब्यात असल्याने शब्द कुठे रेंगाळवायचा आणि ठेका कुठे आवळायचा, याचा निर्णय एकाच मनात होई. पुढे गायनासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती असे दोन कलावंत आले. दोघेही आपापल्या कामात तयार. पण जे पूर्वी एका माणसात घडत होते, ते आता दोघांमध्ये, एकमेकांकडे लक्ष ठेवून घडू लागले. श्रोत्याला ‘काहीतरी वेगळे’ जाणवते ते नेमके येथे. ही उणीव कोणाच्या कौशल्यातली नसते. रचनेचा सांधाच बदललेला असतो.

त्यातच २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या संग्रहातील गाणी इंटरनेटवरून विनामूल्य, एकामागून एक प्रसिद्ध झाली. त्यांत असीम यांचा आवाज होता. घरी ऐकावा तो आवाज गेलेल्या गायकाचा आणि मैफलीत समोर गाणारे दुसरेच, असा विलक्षण अनुभव रसिकांच्या वाट्याला आला.

मृत्यू आणि निरोप

२०१३ मध्ये सुस्मित सेन यांनी बँड सोडला. हा निरोप आणखी वेगळा होता. मृत्यूपुढे श्रोता हतबल असतो आणि उरलेल्यांविषयी त्याच्या मनात सहानुभूती दाटते. कलावंत स्वतःहून बाहेर पडतो तेव्हा मात्र रसिकांत नकळत पक्ष पडतात. सेन यांच्या अ‍ॅकूस्टिक गिटारवर रागसंगीताची छाया होती आणि बँडच्या नादाची ती पहिली खूण होती. त्यांच्या जागी आलेल्या निखिल राव यांनी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि आपली शैली आणली. हुबेहूब नक्कल केली असती तर जुने श्रोते कदाचित क्षणभर सुखावले असते. पण नक्कल करणाऱ्याची तुलना दर स्वराला मूळ वादकाशी होत राहते आणि त्यात त्याची हार ठरलेली असते.

गाण्याची मालकी

अशा मैफलीत टिकून राहते ते काय, याचे उत्तर या बँडच्या गाण्यांतच सापडते. ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गीत. नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेल्या राहुल राम यांच्यामार्फत ते खोऱ्यातून बँडपर्यंत आले. ‘कंदिसा’चे मूळ केरळमधील सीरियन ख्रिस्ती परंपरेच्या प्राचीन स्तोत्रात आहे. ही गाणी या चौघांच्याही आधी अनेक कंठांतून गेलेली होती. जी रचना मुळातच हस्तांतरित होत आली, ती आणखी एकदा नव्या हाती गेली तर तिचे शील भंगत नाही. याउलट, चौघांनी एकत्र वाजवता वाजवता जन्माला घातलेले वाद्यसंगीत जाणाऱ्याबरोबर थोडे निघून जाते. ते भरून येते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ध्वनिमुद्रणाने श्रोत्याला एक सवय लावली आहे. शेकडो वेळा ऐकलेली एकच आवृत्ती त्याला ‘खरी’ वाटू लागते. भारतीय मैफलीची शिकवण नेमकी उलटी आहे. तोच राग, तोच गायक. तरी कालची मैफल आज होत नाही. हाच कान घेऊन गेलेल्या रसिकाला बदललेल्या संचात पोकळीही ऐकू येते आणि तिच्याभोवती उरलेल्यांनी उभारलेली नवी मांडणीही.

अशा संचाची खरी परीक्षा जुन्या लोकप्रिय गाण्यांत नव्हे, तर नव्या रचनांत होते. सेन बाहेर पडल्यानंतर २०१४ मध्ये शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट आदी पाहुण्या कलावंतांसह ‘तंदानू’ आला आणि २०२३ मध्ये ‘तू है’. इकडे सेन यांनीही ‘सुस्मित सेन क्रॉनिकल्स’ या आपल्या बँडमधून वाट काढली. एक प्रवाह दुभंगला हे खरे. पण रसिकाला आता दोन ठिकाणी पाणी मिळते, हेही तितकेच खरे. मैफलीला जाताना जुने गाणे मनात जरूर असावे. पहिले नवे गाणे सुरू झाल्यावर मात्र त्याला त्याची स्वतःची जागा द्यावी, एवढीच रसिकाकडून अपेक्षा.